सातव्या आणि आठव्या बिंदूच्या मध्ये

अमरावतीत तहसीलजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. दिवसभर लोक चुकीच्या फाइली घेऊन माझ्यापुढे बसलेले असतात. फोटो हवा तिथे पीडीएफ आणतात, पीडीएफ हवी तिथे मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो. साइट नाकारते, लोक माझ्यावर चिडतात, आणि मी समजावते की कागद तोच असला तरी तो कोणत्या प्रकारच्या फाइलीत दिला यावर सगळं अवलंबून असतं. हे मी रोज वीसदा सांगते. त्यामुळे आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये रस्त्याच्या फाइली बनवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

ग्रुप म्हणजे आम्ही आठ जण. दर रविवारी पहाटे निघायचं, कधी तिवशापर्यंत, कधी बडनेऱ्याच्या पुढे, आणि ऊन तापायच्या आत घरी. हँडलवर काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र असतं, त्यात रस्ता भरला की पडद्यावर रेघ दिसते. त्या रेघेवरून जायचं.

आठवं माणूस म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय बावन्न. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला, शहर संपता संपता आमचं फुलांचं शेत आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. लग्न होऊन आल्यापासून कितीतरी वर्षं जाऊबाईंनी सायकलच्या कॅरिअरवर पोती बांधून पहाटे बाजारात फुलं पोचवली होती. मग घरात टेम्पो आला आणि त्यांची सायकल सुटली. मी रविवारी हेल्मेट घालून निघायला लागले तेव्हा त्या दोन महिने नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "तुमी शौक म्हणून चालवता, मी कामासाठी चालवली. मले बी येऊ दे."

त्या हळू चालवायच्या, पण थांबायच्या नाहीत. मी नवं यंत्र घेतलं तेव्हा माझं जुनं त्यांच्या हँडलवर बसवून दिलं. त्यांना पडद्यावरचं बाकी काही कळत नव्हतं. मी एकच गोष्ट शिकवली होती. "बाई, रेघ सोडायची नाही. कोणी काही म्हटलं तरी रेघ सोडायची नाही."

दिवाळीची फुलं उरकली आणि अमरावती ते अकोला जायचं ठरलं. हायवेने नको, ट्रकांची गर्दी. वलगाव, खोलापूर, दर्यापूर आणि तिथून म्हैसांगच्या पुलावरून अकोला. जवळजवळ शंभर किलोमीटर. परत यायला गाडी सांगितली होती. जाऊबाईंनी एवढं अंतर आयुष्यात कधी कापलं नव्हतं. त्या आठवडाभर रोज विचारायच्या, "होईन का वं माह्याच्यानं?" आणि मी म्हणायचे, होईल.

शुक्रवारी मी फाइली बनवायला बसले. ज्यांची यंत्रं नवी होती त्यांच्यासाठी फिट फाइल. ही यंत्राच्या स्वतःच्या भाषेतली, उघडून वाचता येत नाही, पण यंत्र ती पटकन घेतं. माझ्या स्वतःसाठी टीसीएक्स, कारण तिच्यात रेघेबरोबर सूचनाही घालता येतात, पुढे डावीकडे वळा, पुढे पूल आहे, असं. राहिलं जाऊबाईंचं जुनं यंत्र. ते फक्त जीपीएक्स घ्यायचं.

जीपीएक्स दोन तऱ्हेची असते. एकीला ट्रॅक म्हणतात. तिच्यात पावलापावलावर बिंदू असतात, हजारो, आणि यंत्र ते जोडून जशीच्या तशी रेघ दाखवतं. स्वतःचं डोकं चालवत नाही. दुसरी रूट. तिच्यात मोजकेच बिंदू असतात, गावं आणि मोठी वळणं, आणि दोन बिंदूंच्या मधला रस्ता यंत्र आपल्या मनाने शोधतं. मी आधी ट्रॅक घातला. जुन्या यंत्राच्या पोटात एवढे बिंदू मावेनात. रेघ दर्यापूरच्या थोडी पुढे जाऊन तुटली. पुढे नुसता पांढरा पडदा.

यावर उपाय होते. ट्रॅकचे दोन तुकडे करून दोन फाइली द्यायच्या, किंवा बिंदू विरळ करून रेघ तपासून घ्यायची. तासाभराचं काम. पण त्या दिवशी कसल्यातरी अर्जाची शेवटची तारीख होती, बाकावर नऊ माणसं बसली होती आणि साइट सारखी बंद पडत होती. मी बारा बिंदूंची रूट बनवली आणि यंत्रात घातली. रेघ सलग अकोल्यापर्यंत गेली. मी ती वरवर पाहिली. सातवा बिंदू दर्यापूरच्या बाहेर होता आणि आठवा म्हैसांगच्या पुलावर. मधल्या भागात एकही नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. चालून जाईल, एकच तर रस्ता आहे, असं मी मनात म्हटलं आणि पुढच्या माणसाचं आधार कार्ड हातात घेतलं.

त्याच रात्री अवकाळी पाऊस पडला. शनिवारी दिवसभर आभाळ होतं, रविवारी पहाटे स्वच्छ झालं.

दर्यापूरपर्यंत सगळं छान झालं. आलुबोंडे खाल्ले, चहा झाला. जाऊबाईंचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे चमकत होते. बाकीचे अजून निवांत बसले होते. त्या उठल्या, बाटली भरून घेतली आणि म्हणाल्या, "मी हळू चालवते. मी होते पुढं, तुमी या मांगून. पुलापर्यंत गाठसानच मले."

आमच्यातले एक डॉक्टर आहेत, ग्रुपचे म्होरके तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकट्या जातील?"

"जातील," मी म्हटलं. "मशीन आहे ना."

वीसेक मिनिटांनी आम्ही निघालो. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे काळी जमीन, मध्येच उगवून आलेला हरभरा, बाकी कापूस. कापूस ओला झाला होता म्हणून वेचणी बंद होती. शेतात माणूस नव्हता. आम्ही वेगात होतो. प्रत्येक गाव मागे पडलं की मी पुढे जाऊबाईंचा लाल टी-शर्ट दिसतो का बघत होते. दिसला नाही. दहा किलोमीटर झाले तेव्हा वाटलं, आज बाई जोरात आहेत. पंधरा झाले तेव्हा ते वाटणं बंद झालं. आमचा वेग त्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. त्या आतापर्यंत सापडायला हव्या होत्या.

म्हैसांगच्या पुलावर पोचलो. खाली पूर्णा गढूळ, फुगलेली. पुलावर कोणी नाही. कठड्याशी एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, सायकलवर एक बाई गेल्या का इकडून?"

"नाई बा. सकाळपासून इथंच हावो मी. सायकल तुमचीच पहिली."

मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. बाकीचे आपसात बोलायला लागले, कुठे थांबल्या असतील, लघवीला आडोशाला गेल्या असतील, आपण पुढे निघून आलो असू. मला सातवा आणि आठवा बिंदू दिसत होते.

मोबाइलवर ती फाइल उघडली. बारा बिंदू. जुन्या यंत्रात 'सगळ्यात जवळचा रस्ता' अशी सेटिंग होती, मीच कधीतरी ठेवलेली, शहरातल्या गल्ल्यांसाठी. त्यातला नकाशाही जुना. मी फोनवरच्या नकाशात तीच दोन टोकं घातली आणि सगळ्यात जवळचा रस्ता मागितला. दर्यापूरहून सातेक किलोमीटरवर, एका लहानशा गावापाशी, रेघ डांबरी रस्ता सोडून डावीकडे शेतात शिरली. दोन किलोमीटर वाचवायला.

मी मोबाइल खिशात टाकला. डॉक्टरांना म्हटलं, "त्या या रस्त्यावर नाहीत. मागे जायला लागेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चला आधी."

आम्ही दोघं मागे फिरलो. बाकीच्यांना पुलावर थांबायला सांगितलं, कदाचित आल्याच तर म्हणून. येताना जो रस्ता सरळसोट आणि सोपा वाटला होता तो आता संपत नव्हता. समोरून वारा होता. ऊन चढलं होतं. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, त्यांच्याजवळ एक बाटली पाणी आहे आणि हा सगळा खारपाणपट्टा आहे. इथे विहिरी आहेत, त्यांत पाणीही आहे, पण ते पिता येत नाही.

त्या गावाच्या फाट्यावर एक पानटपरी होती. टपरीवाल्याला विचारायच्या आतच तो म्हणाला, "त्या सायकलवाल्या बाईले पाहून राहिले का?"

"हो! कुठे गेल्या?"

त्याने हात केला. डांबरी रस्त्यावरून काळ्या मातीत उतरणारी पांधण, बैलगाडीची शेतातली वाट. "म्या सांगतलं त्याईले, बाई, इकडून कावून जाता, पांधनीत गारा-चिखल हाय, मानूस फसते. त्याईनं मशीन दाखोलं. म्हणल्या, रेघ इकडूनच हाय. म्या म्हनलं, बापा, मशीनले का मालूम पानी आलं ते? पण आयकलं नाई. दीड घंटा होऊन गेला."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी सायकल टपरीला टेकवली आणि चालत निघाले.

पहिली शंभर पावलं टायरची बारीक रेघ स्पष्ट दिसत होती. मग ती खोल होत गेली. मग बाजूला बुटांचे ठसे आले, म्हणजे त्या उतरून ढकलायला लागल्या होत्या. काळी माती बुटाला धरते ती सुटत नाही. प्रत्येक पावलाला पाय किलोभर जड होतो. दहा पावलं टाकायची, काडीने चिखल खरवडायचा, परत दहा पावलं. डॉक्टर मागून हाका मारत होते, मीही मारत होते. कुठूनच उत्तर नाही.

अर्धा किलोमीटर गेल्यावर सायकल दिसली. पांधणीच्या मधोमध आडवी पडलेली, दोन्ही चाकं चिखलाने गच्च, फिरतही नव्हती. हँडलवर यंत्र चालू होतं. पडद्यावर जांभळी रेघ, तिच्या बरोबर मधोमध बाण. यंत्राच्या मते सगळं ठीक होतं.

बाई नव्हत्या.

थोडं पुढे एक बूट चिखलात रुतलेला सापडला. मी तो उपटून हातात घेतला. त्यानंतरचे ठसे एका पायाचे बुटाचे आणि एका पायाचे मोज्याचे होते. आतापर्यंत मी घाईत होते, त्या बुटानंतर घाबरले. मला माझे भासरे आठवले, म्हणजे आमच्या यांचे थोरले भाऊ, जाऊबाईंचे मालक. पहाटे निघताना ते फाटकाशी उभे होते आणि त्यांनी मला एवढंच म्हटलं होतं, "पाह्य तिच्याकडे."

पुढे नाला होता. एरवी कोरडा असेल, आता मांडीभर पाणी होतं. अलीकडच्या काठावर, बाभळीखाली, लाल टी-शर्ट दिसला.

त्या बसलेल्या होत्या. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला. ओठ पांढरे पडले होते. मला पाहून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लय वेळ लावला वं."

चाकं फिरेनात तेव्हा पुढे कोणी भेटेल म्हणून त्या पायी निघाल्या होत्या, आणि नाला उतरताना घसरून हातावर पडल्या होत्या. फोन खिशातून पाण्यात गेला होता. बाटली केव्हाच संपली होती. काठावर विहीर होती, वर दोर आणि डबा. "पानी काढलं एका हातानं," त्या म्हणाल्या. "खारं. तोंडात घेतलं अन् थुंकून देल्लं. मंग नुसतीच पाहत बसली त्याच्याकडे."

मी त्यांना माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. घोटाघोटाने, डॉक्टर सांगतील तसं. डॉक्टरांनी मनगट पाहिलं आणि सायकलचा हातपंप काढला. तो हाताखाली आधाराला ठेवून वरून जास्तीची ट्यूब गुंडाळली आणि दुसऱ्या ट्यूबचा झोळा करून गळ्यात बांधला. बाईंनी दात आवळून धरले होते. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"रेघ नाही सोडली मी," त्या म्हणाल्या. "तू म्हटलं तसं."

बाहेर यायला सव्वा तास लागला. टपरीवाला पोत्याच्या दोन मोठ्या चिंध्या घेऊन निम्म्या वाटेत आला होता, त्या त्याने बाईंच्या पायाला बांधल्या, माती कमी चिकटते म्हणून. त्याच्याच ओळखीची गाडी मिळाली, वाटेत पुलावरच्यांना सांगितलं आणि आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो. मनगटाची दोन हाडं मोडली होती.

दुपारी भासरे आणि आमचे हे, दोघं गाडी घेऊन आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात भासरे डॉक्टरांसमोर उभे राहिले. "कसं झालं हे?"

डॉक्टरांना सगळं ठाऊक नव्हतं, अर्धंमुर्धं होतं. ते म्हणाले, "यंत्र जुनं आहे. भलत्याच रस्त्याने घेऊन गेलं."

"फेका ते मशीन," भासरे म्हणाले.

मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मान हलवली. यंत्राला दोष देणं इतकं सोपं होतं की तो आपोआप दिला गेला, आणि घरी परत येईपर्यंत तीच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी बसली. शेजारीपाजारी येऊन विचारपूस करायचे आणि म्हणायचे, मशीनवर भरवसा ठेवू नये बाप्पा. मी चहा द्यायचे.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. दुकानात एका मुलीने चुकीच्या प्रकारचा फोटो आणला तर मी तिच्यावर ओरडले, इतकी की ती उठून गेली. पाचव्या दिवशी सकाळी जाऊबाई शेडमध्ये एका हाताने शेवंती निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. दोन तऱ्हेच्या फाइली, बारा बिंदू, मधला मोकळा भाग, सगळं. तासाभराचं काम मी वाचवलं हेही सांगितलं.

त्यांनी फूल खाली ठेवलं. "म्हणजे तुले मालूम होतं?"

"पूर्ण नाही. पण शंका आली होती."

"मंग मले सांगतलं कावून नाही?"

"तुमी घाबरसान म्हणून."

त्यांनी मांडीवरची फुलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "घाबरली असती तं थांबली असती ना वं. तो पानटपरीवाला बिचारा सांगून राहिला होता मले. माह्ये डोळे बी सांगून राहिले होते, समोर गारा दिसून राहिला होता. पण मी म्हनलं, इनं बसून केलं हाय, इले जास्त समजते."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "आमच्या यायले तू सांग. मी नाही सांगत."

भासऱ्यांशी मी लग्नाला सतरा वर्षं होऊनही चार वाक्यांच्या वर बोललेले नव्हते. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. त्या संध्याकाळी ते टेम्पो धूत होते. मी पदर सावरून पुढे गेले आणि म्हटलं, "भाऊजी, मशीन नाही चुकलं. मी चुकले. फाइल मी घाईत केली होती."

पाइपातून पाणी वाहत राहिलं. त्यांनी तोटी बंद केली, पाइप गुंडाळला, खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "तिले सांगतलं का?"

"हो. सकाळी."

"काय म्हणे?"

"म्हणाल्या, तुम्हाला मीच सांगायचं."

ते आत गेले. त्यानंतर माघ निम्मा होईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एवढंच की मी दुकानात निघायच्या वेळी ते माझ्यासाठी फाटक उघडून ठेवायचे, ती सवय त्यांनी मोडली नाही.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. तोवर जाऊबाईंच्या वाट्याची तोडणी मी केली, पहाटे चारला उठून, आणि मग दुकानात जायचे. त्या बांधावर बसून माझ्या चुका काढायच्या. कळी तोडली, देठ आखूड ठेवला, टोपली दाबून भरली. त्या बोलत होत्या हेच मला पुरत होतं.

एका दुपारी त्या दुकानात आल्या. बाकावर दोन माणसं होती, त्यांच्यामागे नंबर लावून बसल्या. पाळी आली तेव्हा खुर्ची ओढून माझ्या बाजूला, पडद्याच्या समोर बसल्या. "ते ट्रॅक अन् रूट काय असते, दाखव मले. भरभर नको. मी विचारीन तेवढंच सांग."

मी दाखवलं. त्या बोट लावून विचारत राहिल्या. इथं बिंदू कावून नाही? हा रस्ता डांबरी हाय का कच्चा, कसं समजते? पानी आलं तं याले मालूम पडते का? नाही पडत, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग त्यांनी हिवरखेडपर्यंतचा रस्ता काढायला लावला. ते त्यांचं माहेर, तेल्हारा तालुक्यात. मी माउस धरला तर म्हणाल्या, "सोड. माह्या हातात दे."

डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही. फुलांचा हार ओवताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागतं आणि तेव्हा त्या हात झटकतात. मी समोर असले तर मी दुसरीकडे बघते. हिवरखेडला त्या अजून गेलेल्या नाहीत. फाइल तयार आहे, ट्रॅकचे तीन तुकडे केलेले, प्रत्येक तुकडा त्यांनी स्वतः तपासलेला. खालच्या बाजूला दोन पांधणी आहेत त्यांच्यावर त्यांनी फुल्या मारून ठेवल्या आहेत. कधी जायचं ते त्या सांगणार आहेत. आम्ही विचारत नाही.